गुराब करायला घेतली आहे, नकाशा नाही

लाकूडतोड्या | ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

ट्रिंकोमली या जुन्या लढाऊ जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीचा धागा ज्यांनी तीन वर्षं सहन केला त्यांची आधी माफी मागतो, कारण हा त्याचाच धाकटा भाऊ आहे, या वेळी गुराब, म्हणजे मराठी आरमारातलं लढाऊ जहाज. ती फ्रिगेट संपली, काचेच्या पेटीत टीव्हीशेजारी जाऊन बसली. सौ.नी डायनिंग टेबल पुसून त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. बरण्या तिथे चार दिवस राहिल्या.

नवीन सभासदांसाठी थोडक्यात. ट्रिंकोमली इंग्रजांच्या आरमाराची, पण बांधलेली मुंबईत, वाडियांनी, मलबारी सागवानात. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली आणि ५ नोव्हेंबरला इथे खडकीची लढाई झाली. मधे चोवीस दिवस. फळ्या घासताना हा हिशोब रोज डोक्यात यायचा. ती अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, त्यामुळे शंका आली की उत्तर कुठेतरी असायचंच. नकाशे मिळतात, फोटो मिळतात. (तिच्या नकाशांचा पहिला संच मुंबईला पोचलाच नव्हता. तो 'जावा' नावाच्या जहाजावर होता, आणि डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने त्या जहाजाचा निकाल लावला. मग दुसरा संच पाठवला.)

आता गुराब. मार्चमध्ये विजयदुर्गला गेलो होतो. बाकीचे किल्ल्यावर फोटो काढत होते तेव्हा मी ओहोटी साधून वाघोटण खाडीतली गोदी बघायला गेलो. खडक फोडून केलेली. कडेने पावलं मोजत गेलो तर शंभर मीटरच्या आसपास भरली. किल्ला आहे, गोदी आहे, त्यात उभी राहणारी जहाजं कशी होती ते मात्र मोजपट्टी लावून सांगता येत नाही. मला तरी असा एकही नकाशा सापडलेला नाही ज्याच्यावर स्केल ठेवावं आणि लाकूड कापावं.

हाताशी आहे ते रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात केलेलं वर्णन. तो म्हणतो, गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली साधारण ३०० टनांची, दोनवाली १५० च्या वर नाही. पाणी फार कमी खाते, म्हणजे पाण्यात फार बुडत नाही. लांबीच्या मानाने रुंद, पण मधल्या भागापासून टोकाकडे निमुळती. पुढे इतर जहाजांसारखी फुगीर छाती नाही, त्याऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच, आणि त्या चोचीवर मुख्य डेकच्या पातळीतच पक्कं डेक. दोन्हींच्या मधे लाकडी पडदी. पडदीला दोन भोकं, त्यातून ९ किंवा १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा थेट पुढे, चोचीवरून मारा करणार. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी.

एवढ्यावर जहाज करायचं आहे. मी उलटा हिशोब मांडला. त्या काळी इंग्रज टनभार काढायचे तो असा: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करा, उरेल त्याला रुंदीने गुणा, मग अर्ध्या रुंदीने गुणा, ९४ ने भागा. मी चोच सोडून ८५ फूट लांबी आणि २८ फूट रुंदी धरली. उत्तर २८४ टन. ओर्मच्या ३०० च्या जवळ. चोचीला १५ फूट. १:६४ प्रमाणात सगळी मिळून साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर लांब, सव्वातेरा सेंटिमीटर रुंद. डेकवरचा माणूस २६ मिलिमीटरचा.

चुकत असेल तर आत्ताच बोला. लाकूड कापल्यावर बोलू नका.

पेठकर | ८ जून, रात्री ११:१५

अभिनंदन आणि दोन दुरुस्त्या. एक, नकाशा जमिनीचा असतो, जहाजाचा आराखडा. दोन, वरच्या हिशोबात तुम्ही इंग्रजी मोजमाप मराठी जहाजाला लावता आहात. ओर्मने ३०० टन लिहिलं ते कोणी मोजून सांगितलं की बंदरावर उभं राहून नजरेने, हे तुम्ही गृहीत धरलंय.

गुराब हा शब्द अरबी घुराबवरून आला, अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचं ग्रॅब केलं. चोच म्हणालात ते त्या अर्थाने चपखल बसलं, नकळत असेल तरी.

लाकूडतोड्या | ८ जून, रात्री ११:३२

आराखडा. मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही. कावळ्याचं माहीत नव्हतं, आता सौ.ना सांगतो की घरात कावळा येतोय.

टनांचा मुद्दा खरा आहे. पण कुठून तरी दोरी धरायला हवी ना?

रेवदंडेकरीण | ९ जून, सकाळी ७:०५

दादा, माझे आजोबा मचवे बांधायचे. कागदावर रेघ मारलेली मी कधी बघितली नाही. मालक येऊन सांगायचा, एवढा माल, एवढी माणसं, अमुक खाडीत शिरला पाहिजे. मग मेस्त्री पठाण ठेवायचे, पठाण म्हणजे तुमचा कणा. पुढे नाळ, म्हणजे पुढचा खांब, उभी करायची, मागचा खांब उभा करायचा, मधे दोन-चार वाक, म्हणजे बरगड्या. बाकी सगळं डोळ्याने. वाकासाठी झाडाची मुळातच वाकडी फांदी शोधत हिंडायचे, सरळ लाकूड कापून वाक केला तर आजोबा त्याला हातही लावायचे नाहीत.

सांगायचा मुद्दा, तुमच्याकडे आराखडा नाही यात कमी काही नाही. बांधणाऱ्यांकडे पण बहुतेक नसणार. पुण्यातली माणसं कागद नसला की घाबरतात.

पेठकर | ९ जून, सकाळी ७:४०

शेवटच्या वाक्याची नोंद घेतली आहे.

लाकूडतोड्या | ९ जून, सकाळी ८:१०

ताई, 'अमुक खाडीत शिरला पाहिजे' हे वाचून उठून बसलो. मी वरून खाली चाललो होतो, लांबी-रुंदी-टन. खाडीपासून सुरुवात केली तर जहाज पाण्यात किती बुडावं हे आधी ठरतं आणि मग तळाचा आकार आपोआप चपटा होतो. माझ्या पहिल्या रेखाटनात तळ फ्रिगेटसारखा टोकदार आलाय. हात तीन वर्षं तेच करत होता. फाडला कागद.

नवशिक्या | ९ जून, दुपारी १:२०

काका, मला पण सुरू करायचं आहे. बाहेरून व्हिक्टरीचं किट मागवू का? नेल्सनचं जहाज. फोटो बघून वेड लागलंय.

लाकूडतोड्या | ९ जून, दुपारी ४:०५

(उशीर झाला, एक ते चार झोपतो.)

मागवू नकोस. १७६५ साली पाण्यात उतरलेलं शंभर तोफांचं जहाज आहे ते. शंभर तोफा म्हणजे शंभर गाडे, चारशे चाकं, प्रत्येक गाड्याला दोऱ्या आणि कप्प्या. चाळिसाव्या तोफेला माणूस किट माळ्यावर टाकतो. पुण्यातल्या किती माळ्यांवर अर्धी व्हिक्टरी पडली असेल देव जाणे. शिवाय किटच्या किमतीएवढीच कस्टम ड्यूटी आणि कुरियरचं बिल हातात पडतं. माझ्या एका खोक्याचं तसं झालं आणि वर आतल्या दोन डोलकाठ्या मोडलेल्या. भांडून काही मिळालं नाही.

एका डोलकाठीचं काहीतरी घे. बारा-पंधरा फळ्यांची साधी होडी कर आधी. लाकूड वाकवायला शिकलास की निम्मं काम झालं.

नवशिक्या | ९ जून, दुपारी ४:१८

लाकूड कुठलं? सागवान ना? खरी जहाजं सागवानाची होती.

करवतकाका | ९ जून, संध्याकाळी ६:५०

इथे मी बोलतो, कारण टिंबर मार्केटात माझं निम्मं आयुष्य गेलंय.

खरी सागवानी होती म्हणून प्रतिकृती सागवानी करणं ही पहिली चूक. सागवानाचे रेषे आणि छिद्रं मोठी. खऱ्या जहाजावर ती दिसत नाहीत, चौसष्टपट लहान जहाजावर तेच छिद्र माणसाच्या मुठीएवढं दिसतं. चार मिलिमीटरच्या फळीवर सागवान म्हणजे बाहुलीला गोणपाटाचं परकर-पोलकं.

बारीक, एकसारखं, रेषा न दाखवणारं लाकूड पाहिजे. परदेशात बॉक्सवूड वापरतात. आपल्याकडे हेदू, हळदू पण म्हणतात. पिवळसर, गुळगुळीत, धार लावलेल्या पटाशीने लोण्यासारखं निघतं. जुन्या लाकडी फण्या याच्या असत. भवानी पेठेत विचारलं तर तीन दुकानं नाही म्हणतील, चौथ्या दुकानात मागच्या बाजूला धूळ खात पडलेला तुकडा निघेल. मोठा ओंडका मागू नका, तुकडाच मागा आणि तिथेच मशीनवर चिरून घ्या. शिवणही चालेल, पण मऊ आहे, कडा मोडतात. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा तर अजिबात नको, हलका आहे पण बारीक काम धरत नाही.

फुकटचं हवं तर जुन्या बाजारात रविवारी जा. मोडका कॅरम, पाटीच्या चौकटी, जुनी फूटपट्टी. तीस-चाळीस वर्षं सुकलेलं लाकूड आहे ते, आता आणखी वाकायचं नाही.

दर्यावर्दी_९६ | १० जून, रात्री ९:३०

लाकूडतोड्या, आराखडा नाही असं कसं म्हणता? बोरिवलीला एकसरचे वीरगळ आहेत, त्यावर सरळ सरळ नौकायुद्ध कोरलंय. त्यावरून करा की!

पेठकर | १० जून, रात्री ९:४४

एकसरचे वीरगळ यादव-शिलाहारांच्या लढाईचे मानतात. तेरावं शतक. कान्होजी आंग्र्यांच्या आधी चारशेहून जास्त वर्षं. वर वल्ह्यांच्या होड्या आहेत, तोफ नाही. उद्या मेट्रोची प्रतिकृती करताना बैलगाडीचा फोटो द्याल.

दर्यावर्दी_९६ | १० जून, रात्री ९:५०

सदाशिव पेठेत मदत करणाऱ्याला अशी वागणूक मिळते हे ऐकून होतो, आज अनुभवलं.

लाकूडतोड्या | १० जून, रात्री १०:०५

भांडू नका. पेठकर बरोबर आहेत पण वीरगळ मला दुसऱ्या कारणासाठी उपयोगी पडेल. कोरणाऱ्याने माणसं आणि होडी एकाच मापाची ठेवली नाहीत. जे महत्त्वाचं ते मोठं. चित्रावरून मापं काढायला बसलो की हीच अडचण येते.

कौंडिण्यचं उदाहरण ताजं आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून दोरीने शिवलेलं जहाज बांधलं, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. तिथेही मूळ आराखडा नव्हता. पण त्यांना ते समुद्रात तरंगवायचं होतं, म्हणजे चुकलं असतं तर समुद्राने सांगितलं असतं. माझी गुराब टीव्हीशेजारी बसणार. ती चुकली तर कोण सांगणार?

जुनी_कागदं | ११ जून, सकाळी १०:२०

हा धागा दोन दिवस वाचते आहे. एक सुचवू का?

कागदपत्रांच्या कामात आम्ही फाटलेल्या ओळी भरून काढतो तेव्हा भरलेला मजकूर चौकटी कंसात टाकतो. वाचणाऱ्याला कळतं, कंसाबाहेरचं कागदावर आहे, आतलं संपादकाचं. तुम्ही लाकडात तसं करा. ज्याला आधार आहे तो भाग गडद लाकडाचा, जो तुमचा अंदाज आहे तो फिक्या लाकडाचा. रंग, पॉलिश काही नाही.

लाकूडतोड्या | ११ जून, सकाळी १०:५५

कल्पना बौद्धिक आहे हो, पण जहाज गोधडीसारखं दिसेल. तीन-चारशे तास घालून गोधडी? माफ करा, हे नाही जमणार.

करवतकाका | ११ जून, दुपारी १२:१०

गोधडीत वाईट काय आहे?

लाकूडतोड्या | १४ जून, रात्री ११:५०

झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

'जमणार नाही' म्हणालो खरं, पण काल वहीत भागांची यादी केली. समोर दोन रकाने, 'माहीत' आणि 'अंदाज'. प्रामाणिकपणे भरायचं ठरवलं. चोच: माहीत. चोचीवरचं डेक: माहीत. पडदी आणि दोन भोकं: माहीत. बाजूच्या तोफा आहेत: माहीत. किती आहेत: अंदाज. तळाचा आकार: चपटा हे माहीत, वळण अंदाज. मागची बाजू, खिडक्या, नक्षी: अंदाज. सुकाणूचा दांडा: अंदाज. परबाणांची (शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांची) लांबी, शिडांचा आकार, दोऱ्यांची बांधणी: अंदाज, अंदाज, अंदाज.

एकूण ४१ ओळी. 'माहीत'मध्ये ११.

मी ट्रिंकोमलीशेजारी ही गुराब ठेवणार होतो, तितकीच चकचकीत, तितक्याच आत्मविश्वासाने उभी. येणारा पाहुणा दोन्हींकडे बघून एकाच सुरात 'वा' म्हणाला असता. एक मोजून केलेली आणि दुसरी तीन चतुर्थांश माझ्या डोक्यातून निघालेली, हे कोणाला कळलंच नसतं.

गोधडी करतो आहे. जुनी_कागदं, तुम्हाला एक चहा लागू.

गडदसाठी जुन्या खुर्चीचं शिसव आहे घरात. फिकं हेदू. करवतकाका, सोमवारी भवानी पेठेत भेटाल का?

रेवदंडेकरीण | १५ जून, सकाळी ६:५०

पठाण गडद घ्या. पठाणाशिवाय एवढं मोठं जहाज आमच्याकडे झालं नसतं, एवढं मी सांगते.

पेठकर | १५ जून, सकाळी ७:३०

विषय निघालाच आहे तर गुराबा गेल्या कुठे तेही लिहा पेटीवर. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. समुद्रातून इंग्रजांच्या वॉटसनचा तोफमारा, क्लाइव्ह जमिनीवर. एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला, ते जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं. ते पेटलं, आणि बांधून ठेवलेल्या गुराबांवर आग पसरली. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या आगीत गेलं.

आणि या मोहिमेत इंग्रजांचे साथीदार होते नानासाहेब पेशवे. पुण्यात बसून गुराब करायची तर ही ओळ गडद लाकडात येते.

दर्यावर्दी_९६ | १५ जून, सकाळी ८:०२

तुळाजी पेशव्यांचं ऐकत नव्हता, कोकणातल्या इतर सरदारांना त्रास देत होता, ते पण लिहा मग. आणि विजयदुर्गाला पुढे पेशव्यांचं आरमार होतंच. आनंदराव धुळपांनी १७८३ ला इंग्रजांचं 'रेंजर' पकडलं की.

पेठकर | १५ जून, सकाळी ८:१५

हे मात्र बरोबर. वीरगळांचं विसरतो.

लाकूडतोड्या | २ जुलै, रात्री ९:१५

प्रगती आणि दुर्गती.

पठाण शिसवाचा, साडेपाच मिलिमीटर जाड. त्यावर सांगाड्याच्या अकरा आडव्या पडद्या, चार मिलिमीटर प्लायच्या. चोच वेगळी करून खोबणीत बसवली. आठवडा छान गेला. मग फळ्या.

हेदूच्या पट्ट्या चार मिलिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या दहा इंची. जाडी दीड. पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायच्या, मग मुलीच्या केस सरळ करायच्या इस्त्रीने वाकवायच्या. ती बेंगळुरूला आहे, तिला हे माहीत नाही, कृपया कोणी सांगू नका. पट्टी इस्त्रीत धरून हळूहळू ओढली की वाफ निघते, खोबरेल तेलासारखा वास येतो आणि लाकूड हातातच मान टाकतं. तो एक क्षण असतो, त्यात आकार द्यायचा. अर्धा सेकंद उशीर झाला की टक्.

शनिवारी बाहेर धो धो पाऊस, लाईट होती, हात लागलेला होता. उजव्या बाजूच्या सहा पट्ट्या एका बैठकीत लावल्या. चिमटे लावले, झोपलो. सकाळी बघतो तर जहाज वळलेलं. काचेवर ठेवलं तर नाळ टेकते आणि मागचा डावा कोपरा सहा मिलिमीटर वर. केळं झालंय नुसतं. ओली पट्टी सुकताना आखडते, दुसऱ्या बाजूला ओढून धरायला काहीच नव्हतं.

करवतकाका | २ जुलै, रात्री ९:४०

ट्रिंकोमलीच्या धाग्यातलं एका थोर गृहस्थाचं वाक्य चिकटवतो: "एक डावी, एक उजवी, एक डावी, एक उजवी. घाई झाली तरी दोन डाव्या लागोपाठ लावणाऱ्याने कॅरम खेळावा."

लाकूडतोड्या | २ जुलै, रात्री ९:४२

माझंच वाक्य आहे. माहीत आहे.

नवशिक्या | २ जुलै, रात्री १०:००

मग आता? परत पहिल्यापासून?

लाकूडतोड्या | ४ जुलै, रात्री १०:३०

नाही. कापूस गरम पाण्यात बुडवून सहाही पट्ट्यांवर तीन तास ठेवला. साधा पांढरा फेव्हिकॉल होता म्हणून सुटला, सुपरग्लू असता तर रामराम. पट्ट्या सोलून काढल्या, दोन मोडल्या. मग सांगाडा सरळ फळीवर दहा स्क्रूंनी जखडला. आता पूर्ण फळ्या लागेपर्यंत तो फळीवरून उठणार नाही. सरळ झालाय, पाऊण मिलिमीटर सोडून. तो पाऊण मिलिमीटर गुराबेचा स्वभाव समजावा.

एक गोष्ट मात्र नवीन कळली. पट्ट्या सोलताना दिसलं की मागच्या बाजूला त्या नीट बसतच नव्हत्या, जबरदस्तीने दाबलेल्या होत्या. म्हणजे मी कल्पलेलं वळण लाकडाला मान्य नव्हतं. खऱ्या मेस्त्रीने असं वळण दिलंच नसतं, फळीच लागली नसती. शेवटच्या तीन पडद्या कानशीने घासून बारीक केल्या, आता पट्टी स्वतःहून टेकते. परवा विचारलं होतं ना की गुराब चुकली तर कोण सांगणार.

रेवदंडेकरीण | ५ जुलै, सकाळी ६:३५

आजोबा फळी लावून बघायचे, हाताने थोपटायचे, आवाज ऐकायचे आणि वाक काढून परत घासायचे. तुम्ही आता डोळ्याने बांधताय दादा.

जुनी_कागदं | ५ जुलै, सकाळी ११:००

मग मागच्या वळणाची ओळ आता कुठल्या रकान्यात?

लाकूडतोड्या | ५ जुलै, दुपारी ४:३०

दिवसभर हाच विचार करतोय. ओर्मने ते सांगितलेलं नाही, म्हणून फिकंच राहील. पण वहीत तिसरा रकाना आखला आहे. 'लाकडाने सांगितलं.' आत्ता त्यात एकच ओळ आहे.

दर्यावर्दी_९६ | २१ ऑगस्ट, रात्री ८:४५

काका, गायब झालात. तोफा झाल्या का? किती ठेवल्या?

लाकूडतोड्या | २१ ऑगस्ट, रात्री १०:१०

सोळा. पुढे दोन, बाजूला सात-सात. पुढच्या दोन गडद, बाजूच्या फिक्या, कारण आकडा माझा आहे.

नऊ पौंडी तोफेचा गोळा साधारण चार इंचाचा. १:६४ मध्ये नळीचं भोक पावणेदोन मिलिमीटरला थोडं कमी. बोहरी आळीतून पितळी सळई आणली, भोसरीतल्या जुन्या कारखान्यात एका मित्राच्या लेथवर रविवारी पाच तास उभा राहिलो. लांबी ३३ मिलिमीटर. पहिल्या चार तोफा वाया गेल्या, मागचा बोंडाचा भाग तुटायचा. पाचवी हातात घेतली तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, ही तर खडूएवढी." गरम होती अजून.

फिक्या तोफा कशा करायच्या हा प्रश्न होता, पितळ काही फिकं-गडद होत नाही. मग बाजूच्या चौदा पितळी न करता हेदूच्याच केल्या, लाकडी. पुढच्या दोन पितळी, काळ्या केलेल्या. पडदीच्या भोकांतून त्या दोन बाहेर डोकावतात आणि बाजूच्या चौदा भुतासारख्या पांढऱ्या. सौ. पहिल्यांदाच टेबलापाशी येऊन पाच मिनिटं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे दुसऱ्यापेक्षा बरं दिसतंय. काय खरं ते कळतंय." नंतर म्हणाल्या, "गणपतीच्या आधी टेबल हवंय."

पेठकर | २१ ऑगस्ट, रात्री १०:३०

तळाला काय लावणार? त्या काळी चुना आणि तेलाचा लेप द्यायचे, किडा लागू नये म्हणून.

लाकूडतोड्या | २१ ऑगस्ट, रात्री १०:४१

तुमचं म्हणणं रास्त आहे, पण लेप दिला की खालचं फिकं-गडद सगळं झाकलं जाईल. अर्ध्या बाजूला देतो, डाव्या. उजवी उघडी.

करवतकाका | २१ ऑगस्ट, रात्री १०:५०

हेदूचे तुकडे उरलेत का? नवशिक्याला होडीसाठी पाहिजेत, माझ्याकडचे संपले.

नवशिक्या | २१ ऑगस्ट, रात्री १०:५२

हो काका, आठ-दहा पट्ट्या पुरतील. माझी पण वळलीये थोडी.

लाकूडतोड्या | २१ ऑगस्ट, रात्री ११:०४

आहेत. रविवारी सकाळी ये, दुपारी नको. येताना दोरीसाठी पांढरा सुती दोरा आण, तुळशीबागेत मिळतो, दहा नंबरचा. मेण आहे माझ्याकडे. आणि होडी घेऊन ये, कुठल्या बाजूला वळली ते बघू.